बोरीच्या बांधावरून ब्राझील

शुक्रवारी दुपारी मी रफिकच्या टेम्पोत चढत होते, तेव्हा शेजारच्या कमलबाईने ओट्यावरून विचारलं, "एवढ्या नळ्या घेऊन कुठं निघाल्या?" टेम्पोत अकरा लोखंडी नळ्या, तांब्याच्या तारेची दोन भेंडोळी, जनरेटर, दोन बॅटऱ्या, तंबू, माझा पिठाचा डबा आणि या सगळ्यावर कानटोपी घालून बसलेले काशिनाथअप्पा, एवढा ऐवज होता. मी म्हटलं, "बोरीला. तिथून ब्राझीलला बोलायचंय." कमलबाई म्हणाली, "मग फोन लावा की."

गेली सात वर्षं परभणीतली समस्त शहाणी माणसं मला हेच सांगत आली आहेत. त्यांचं काही चुकत नाही. खिशातल्या फोनवर ब्राझील दोन सेकंदात लागतं, चेहऱ्यासकट. आम्ही हौशी रेडिओवाले मात्र सरकारची परीक्षा देतो, परवाना काढतो, स्वतःच्या हाताने तार बांधतो आणि मग तास न् तास अंधारात ओरडल्यासारखे ओरडतो. आमच्या लहरी आभाळाला आपटून दुसऱ्या देशात उतरतात. कुठे उतरतील ते आभाळ ठरवतं. आणि तिथे तेव्हा आपल्यासारखाच एखादा रिकामा माणूस कान लावून बसलेला असावा लागतो. ही शेवटची अट जगात फार अवघड नाही, हे मला परवाना मिळाल्यावर कळलं.

मी पिठाची गिरणी चालवणारी बाई. शाळा सातवीपर्यंत. गिरणीची मोटर दुरुस्त करता करता विजेची गोडी लागली आणि एकसष्टाव्या वर्षी परीक्षा दिली. आमच्या क्लबात कागदावर एकोणीस सभासद आहेत. शिबिराचं निघालं की एकोणीसही जण मोबाइलवर अंगठा दाखवतात आणि टेम्पोत चौघंच बसतात: मी, टेम्पोचा मालक आणि विजेची कामं करणारा रफिक, कॉलेजात शिकवणारा आमचा सेक्रेटरी सचिन आणि काशिनाथअप्पा.

ही सगळी यात्रा अप्पांसाठी होती. अप्पांचं हार्डवेअरचं दुकान. वय अठ्ठ्याहत्तर. जगाचे सहा खंड आमच्या छंदात धरतात, त्यातले पाच अप्पांनी दुकानाच्या गच्चीवरून गाठलेले. राहिला तो दक्षिण अमेरिका. मुलगा पुण्याला, अकराव्या मजल्यावर. तिथल्या सोसायटीत खिडकीबाहेर टॉवेल वाळत घालायला बंदी, तिथे अँटेना कोण लावू देणार? नऊ वर्षांपूर्वी मुलगा न्यायला आला तेव्हा अप्पा म्हणाले होते, "सहावा खंड लागला की येतो." मुलाला वाटलं असेल, महिनाभराचं काम दिसतंय. तो अजून वाट बघतोय. यंदा सचिनने मनावर घेतलं की अप्पांचा हा खंड लावून द्यायचाच. शहरात विजेच्या उपकरणांची खरखर फार, म्हणून मोकळं रान शोधलं. बोरीच्या पुढे सचिनच्या मेव्हण्याचं शेत आहे, थोडं उंचावर, मोठ्या कडुलिंबाच्या झाडासकट. शिवाय शनिवार-रविवार जगभरच्या रेडिओवाल्यांची स्पर्धा होती. दोन दिवसांत जास्तीत जास्त लोकांशी बोलायचं. सगळं जग एकाच वेळी ओरडणार म्हटल्यावर ब्राझीलही कुठेतरी ओरडणारच, असा सचिनचा हिशोब.

झरीला चहाला थांबलो. हॉटेलवाला टेम्पोभोवती एक चक्कर मारून आला.

"बोअर घ्यायलाव का?"

रफिक म्हणाला, "न्हाई मामू. आमचं खाली न्हाई, वर लागतंय."

"वर किती?"

"तीनशे किलोमीटर."

हॉटेलवाल्याने जरा विचार केला. "मंग पानी खारं लागंल," म्हणाला आणि गाळणी आपटत आत गेला. आमच्या शास्त्राची इतकी थोडक्यात समीक्षा मी अजून दुसरी ऐकलेली नाही.

शेतात पोचलो तेव्हा चार वाजले होते. अँटेनाच्या तारेचं एक टोक नळ्यांच्या खांबाला बांधलं, दुसरं लिंबाच्या शेंड्यावरून न्यायचं होतं. पद्धत अशी की दोरीला दगड बांधायचा आणि दगड झाडापलीकडे फेकायचा. रफिकने पाच वेळा फेकला. एकदा फांदीत अडकला, दोनदा माघारी आला, एकदा सचिनच्या पायाजवळ पडला आणि पाचव्यांदा टेम्पोच्या काचेवर. काच रफिकचीच असल्यामुळे कुणी काही बोललं नाही.

शेजारच्या हरभऱ्यातून एक बाई हे सगळं बघत होती. साठीची, काटक, लुगड्यावरून मुलाचा जुना स्वेटर घातलेली. ती बांध ओलांडून आली.

"काय पाडायलाव? वरी मोहोळ हाय का?"

"मोहोळ नाही हो, दोरी टाकायची आहे."

"मंग तसं सांगा ना." तिने कमरेची गोफण काढली, दोरीचा दगड तिच्यात बसवला, डोक्यावरून दोन गिरक्या दिल्या आणि सोडला. दगड शेंड्यावरून असा गेला की सचिनने नकळत टाळ्या वाजवल्या. कॉलेजातला माणूस, त्याला दुसरं काय सुचणार. या प्रयागबाई. संध्याकाळी त्याच आमच्या तंबूत घोळाणा (हरभऱ्याचा कच्चा कोवळा पाला, कांदा, मीठ, तिखट, वर कच्चं तेल) घेऊन आल्या आणि माझ्या भाकरी बघून म्हणाल्या, "आक्का, पीठ चांगलं हाय, हात शहरी झालाय." तिथून आमची दोस्ती.

शनिवारी अप्पा चारलाच उठले. हौदाच्या गार पाण्याने अंघोळ, लिंगपूजा, कपाळाला भस्म, आणि सव्वापाचला रेडिओसमोर. स्पर्धा आपल्या घड्याळाने साडेपाचला सुरू होते. दक्षिण अमेरिका आपल्याकडे ऐकू येते ती सूर्य उगवायच्या आगेमागे, फार तर तासभर. साडेपाच वाजले, अप्पांनी बटण फिरवलं, आणि रेडिओतून आवाज आला: टक्. मग टक्. मग टक्. सेकंदाला एक, न चुकता, जणू कुणी आत बसून सुपारी फोडतंय.

मग आमच्या क्लबची शास्त्रीय शोधमोहीम झाली. जनरेटर बंद करून बॅटरीवर गेलो. टक्. सगळ्यांचे मोबाइल बंद केले. टक्. अप्पांचं कानातलं यंत्र काढून टेम्पोत ठेवलं. टक् चालूच, पण आता अप्पांना ते ऐकू येईना, म्हणून ते एकटे समाधानात होते. सचिन माझ्याकडे वळला. "काकू, तुमचं ते बीपीचं मशीन..."

"सचिन," मी म्हटलं, "माझं बीपी तुला आता मशीनशिवाय दिसेल."

पावणेसातला सूर्य आला. कान परत लावल्यावर अप्पांना मधूनच एक लांबचा आवाज लागला, पण तो असा की अर्धा शब्द माणसाचा आणि अर्धा टक्. आठला तोही गेला. अप्पांनी टोपी काढून परत घातली.

रफिकने मग शहाणपणाचं काम केलं. खिशातला छोटा ट्रान्झिस्टर लावला आणि टक् जिकडे मोठं होईल तिकडे चालत सुटला, मी मागे. बांध ओलांडला, हरभऱ्याच्या कडेने गेलो, आणि एका खांबापाशी ट्रान्झिस्टर अगदी ओरडायलाच लागला. खांबावर सौर पत्रा, खाली डबा, डब्यातून निघालेली तार साऱ्या हरभऱ्याभोवती. झटका मशीन. (जनावरं पिकात येऊ नयेत म्हणून कुंपणाच्या तारेत सेकंदाला एक बारीक झटका सोडतात, त्याचा डबा.) आणि शेजारी प्रयागबाई, पाला खुडत.

"प्रयागबाई, हे बंद होतं का?"

"होतंय की. बटन हाय."

"मग उद्या पहाटे तेवढं..."

"आक्का, पहाटंच तर हरनं येतेत. दुपारी बंद करा म्हनलं तर आत्ता करते."

एव्हाना सचिन पोचला. त्याने प्रयागबाईंना सूर्य, आभाळाचे थर, दिवसरात्रीची सीमारेषा असं सगळं नीट समजावून सांगितलं. वीस मिनिटं लागली. काडीने मातीत आकृतीही काढली. प्रयागबाईंनी शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाल्या, "म्हंजे तुमची लहर आन् मव्ही (माझी) हरनं एकाच टायमाला येतेत."

सचिनने काडी टाकून दिली.

मी त्यांना अप्पांचं सांगितलं. नऊ वर्षं, सहावा खंड, आणि उद्याची एकच पहाट उरली आहे ते. कारण स्पर्धा सोमवारी साडेपाचलाच संपते, उजाडायच्या आत. त्यांनी तंबूकडे पाहिलं. अप्पा बाहेर खुर्चीवर बसले होते.

"गेल्या साली ह्यो हरभरा मी दोनदा पेरला, आक्का. दोन्ही बारीला हरनांनी नेला. मंग पोरानं हे मशीन आनून दिलं." खुडलेला पाला पदरात टाकला. "उद्या बंद करते. पन राखन तुमी करायची. चारी अंगानं. हरनं आत आली की मी बटन दाबनार. मंग तुमचा ब्राझील असू न्हाई तर कोनी असू."

आम्ही चौघं. त्यातले अप्पा रेडिओवर, सचिन त्यांच्याजवळ नोंदी लिहायला. म्हणजे शेताच्या चार बाजूंना रफिक, मी आणि प्रयागबाई. सचिनने याचाही रीतसर ड्यूटी तक्ता केला आणि चौथ्या बाजूला लिहिलं: 'आवश्यकतेनुसार'.

शनिवारचा दिवस स्पर्धेत गेला. दुपारी हरणं येत नसल्याने प्रयागबाईंनी बटण बंद ठेवलं. जपान आला, रशिया आला, इटलीवाले तर बोलवल्यासारखे आले. वाचकांना वाटेल, काय गप्पा झाल्या असतील! तर स्पर्धेत गप्पा नसतात. आपण आपलं नाव सांगायचं, त्याने त्याचं, मग दोघांनी एकमेकांना आवाजाचे गुण द्यायचे आणि आपला क्रमांक सांगून पुढे जायचं. गुण दोन आकडी: शब्द किती स्पष्ट, पाचपैकी, आणि जोर किती, नऊपैकी. आणि खरी मौज इथे आहे. स्पर्धेत सगळे सगळ्यांना पाच-नऊच देतात. आकडा बदलला की लिहिणाऱ्याचा वेळ जातो, म्हणून. त्यामुळे संभाषण असं होतं: "तुमचा आवाज पाच-नऊ, अगदी उत्तम. आता कृपा करून सगळं परत सांगा, मला काहीही ऐकू आलेलं नाही." लग्नाच्या पंगतीत जेवण कसं झालं विचारल्यावर जे उत्तर येतं, तेच हे.

फक्त अप्पा देत नाहीत. ते ज्याचा जसा येईल तसा आकडा देतात. चार-सहा, तीन-पाच. समोरचा गोंधळतो, परत विचारतो, तोवर दहा जण रांगेत ओरडत असतात. सचिन शनिवारभर हात जोडत होता. "अप्पा, स्पर्धेपुरतं पाच-नऊ म्हणा हो."

"पाच फूट तार सहा फूट म्हनून मी दुकानात कधी दिली न्हाई," अप्पा म्हणाले. "हितं कसा देऊ?"

रविवारी साडेपाचला मी बांधावर उभी होते. अंगावर शाल, एका हातात काठी, दुसऱ्या हातात वॉकीटॉकी. प्रयागबाई मशीनपाशी. रफिक पलीकडच्या कडेला, वाजवायला पत्र्याचा डबा घेऊन. झटका मशीन बंद. सचिनने त्याची वॉकीटॉकी दाबून मोठ्या रेडिओच्या स्पीकरजवळ धरली होती, त्यामुळे मला तिकडचं सगळं ऐकू येत होतं. टक् नाही. नुसती समुद्रासारखी सळसळ.

सहा वाजले, सव्वासहा वाजले. पूर्वेला तांबडं फुटलं आणि हरभऱ्याच्या शेंड्यांवर दव दिसायला लागलं. आणि मग एकदम त्या सळसळीतून एक बारीक आवाज वर आला, आपलं नाव सांगणारा. ब्राझील. अप्पांनी एकदा हाक मारली, दुसऱ्यांदा मारली. तिसऱ्यांदा त्या माणसाने अप्पांचं नाव पूर्ण उच्चारलं.

नेमकं तेव्हाच मला पलीकडून पळण्याचा आवाज आला. मला वाटलं हरणं. तो रफिक होता. त्याच्याही वॉकीटॉकीवर ब्राझील ऐकू आला होता, आणि हा शहाणा राखण सोडून, डब्यासकट, तंबूकडे ब्राझील बघायला धावला होता. ब्राझील तंबूत दिसणार होता जणू. त्याच्या मोकळ्या कडेवर दोन काळवीट आणि मागे पंधरावीस हरणी येऊन उभ्या राहिल्या. क्षणभर त्यांनी तारेचा वास घेतला. मग एकीने उडी मारली. मग सगळ्यांनी.

प्रयागबाईंचा हात बटणावर गेला.

"थांबा!" मी म्हटलं. "लागलाय!"

"आक्का, खायलेत की!"

वॉकीटॉकीतून ब्राझीलवाला म्हणत होता, "फाइव्ह नाइन," आणि त्याचा क्रमांक. आता अप्पांनी आपले गुण दिले, त्याने ते टिपून घेतले की झालं. दोन शब्द. आणि मला अप्पांचा आवाज ऐकू आला, शांत, दुकानात माप सांगावं तसा: "यू आर थ्री टू. थ्री टू."

"अगेन?" ब्राझील म्हणाला.

"थ्री टू."

"अगेन, अगेन?"

मी वॉकीटॉकीत ओरडले, "अप्पा, पाच-नऊ म्हणा की हो!" अर्थात सचिन त्याचं बटण दाबून बसला असल्यामुळे माझं ओरडणं फक्त हरणांनी ऐकलं आणि दोन पावलं पुढे जाऊन खायला सुरुवात केली. मी काठी आपटत त्यांच्याकडे निघाले. अडुसष्टाव्या वर्षी ओल्या ढेकळातून हरणांमागे धावणं काय असतं ते त्या हरणांनी निवांत पाहून घेतलं.

मागे वळून पाहिलं तर प्रयागबाई बटणापाशी तशाच. हात बटणावर, कान माझ्या वॉकीटॉकीकडे. तो बारीक आवाज त्यांनाही ऐकू येत होता.

"त्योच हाय का?" त्यांनी विचारलं.

"तोच."

प्रयागबाईंनी हात बटणावरून काढला आणि बांधावर खाली बसल्या. "बोलू द्या," म्हणाल्या, हरभऱ्याकडे न बघता.

"थ्री टू," अप्पा चौथ्यांदा म्हणाले. पलीकडे थोडा वेळ नुसती सळसळ. मला वाटलं गेला. मग तो परत आला, आणि आता घाईत नव्हता. हसत होता. म्हणाला, थ्री टू, बरोबर. मग खरं सांगतो मित्रा, तुझा टू वन. आभार. आणि पुढच्याकडे गेला.

तंबूतून रफिकची आरोळी आली ती वॉकीटॉकीशिवायही ऐकू आली. प्रयागबाईंनी बटण दाबलं, मग सगळ्यांनी मिळून हरणं हाकलली. पलीकडच्या कडेच्या चार ओळी बुडापर्यंत गेल्या होत्या. रफिक त्या ओळींपाशी खाली मान घालून उभा राहिला. त्याने त्याच दिवशी कुंपणाच्या दोन तारा वाढवून दिल्या, न सांगता.

प्रयागबाई तंबूत आल्या. अप्पा उठून उभे राहिले, हात जोडले.

"लागला का तुमचा मानूस?"

"लागला, बाई. तुमच्यामुळं."

"काय म्हनला?"

अप्पा खरं बोलणारे. म्हणाले, "म्हनला, तुमचा आवाज जवळजवळ आयकूच येत न्हाई."

"आन् तुमी काय म्हनला?"

"मी म्हनलो, तुमचाबी न्हाई."

प्रयागबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "एवढ्यासाठी चार वळी गेल्या व्हय गं आक्का?" आणि पदर तोंडाला लावून अशा हसल्या की अप्पांनाही हसू आलं. पण हसून झाल्यावर अप्पांनी नोंदवही जवळ ओढली, त्या एका ओळीकडे बराच वेळ पाहिलं, आणि त्यांचा चेहरा मला खंड जिंकलेल्या माणसाचा वाटेना. खंड हरवलेल्या माणसाचा वाटला. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आम्ही तिघं शहाणे, टेम्पो भरून, नळ्या घेऊन, अप्पांना पुण्याला पोचवायला आलो होतो.

सोमवारी सकाळी तंबू गुंडाळला. परतताना झरीला परत थांबलो. सचिन सत्काराची भाषा करत होता, शाल कुठली घ्यायची वगैरे. अप्पा बशीतल्या चहाकडे बघत होते.

"आता फोन करावा लागंल त्याला."

रफिक म्हणाला, "नका सांगू अप्पा."

"खोटं बोलू?"

"बोलू नका. नुसतं सांगू नका."

"त्यो दर सोमवारी इचारतो," अप्पा म्हणाले आणि फोन लावला. ऐकायला कमी म्हणून त्यांचा फोन नेहमी मोठ्या आवाजात असतो, त्यामुळे सगळं हॉटेल मुलाचं बोलणं ऐकत होतं.

"अप्पा, काय झालं? लागलं का?"

"बोलनं झालं. ब्राझीलशी."

"अरे वा! अप्पा! अभिनंदन!" मुलगा मनापासून आनंदला, हे खरं. मग जपून म्हणाला, "मग... रविवारी गाडी घेऊन येऊ?"

अप्पांनी बशी खाली ठेवली. मी रस्त्याकडे पाहिलं. हॉटेलवालासुद्धा गाळणी धरून थांबला होता.

"कार्ड यायचंय," अप्पा म्हणाले.

"कसलं कार्ड?"

"समोरच्यानं सही करून कार्ड पाठवलं की मंग खंड धरतेत. नुसत्या बोलन्यावर न्हाई धरत."

हे अगदी खरं आहे. आमच्या छंदात कागद हातात आल्याशिवाय बोलणं पक्कं होत नाही. सचिनने तोंड उघडलं. "पण अप्पा, हल्ली ते संगणकावर दोन दिवसात..." मी बाकड्याखाली त्याच्या पायावर पाय ठेवला. गिरणीवालीचा पाय आहे. तो गप्प झाला.

"कसं येतं ते कार्ड?" मुलाने विचारलं.

"संघटनेच्या मार्फत. आपलं कार्ड गठ्ठ्यात घालायचं, गठ्ठा तिकडं जातो. ते मिळालं की त्याचं कार्ड त्याच्या गठ्ठ्यात इकडं येतं. मी तर संगनकाचं कार्ड धरत न्हाई, भिंतीला लावता येत न्हाई ते."

"किती दिवस लागतात?"

अप्पांनी क्षणभर विचार केला. खोटं बोलायचं नव्हतं. "दिवसांचं मला सांगता येत न्हाई. मागं आफ्रिकेच्या कार्डाला चार वर्षं लागली."

पलीकडे मग मुलगा हसला, बारीक. "बरं अप्पा. कार्ड आलं की कळवा." त्याला कळलं असावं. मला तरी वाटतं, कळलं.

अप्पांनी आणखी एक चहा मागवला आणि या वेळी पूर्ण प्यायले.

घरी येऊन चार दिवस झाले. लोक विचारतात, काय मिळालं तिकडे जाऊन? मी सांगते, आमच्यापैकी एकाला ब्राझीलच्या एका अनोळखी माणसाने खरं खरं सांगितलं की तुझं काही ऐकू येत नाही. माझ्या वयाच्या माणसाला एवढा प्रामाणिकपणा घरबसल्या मिळत नाही, त्यासाठी तासभर प्रवास करून बोरीला जावंच लागतं.

काल अप्पा गिरणीवर येऊन ब्राझीलला पाठवायचं आपलं कार्ड देऊन गेले. सुंदर अक्षरात भरलेलं, आकडा तीन-दोन. क्लबची कार्डं गोळा करून संघटनेकडे पाठवायचं काम माझ्याकडे आहे. गठ्ठा पुरेसा जाड झाला की पाठवायचा, असा आमचा नियम. पुरेसा म्हणजे किती, हे कुठे लिहिलेलं नाही. अप्पांचं कार्ड मी सगळ्यात खाली ठेवलंय.